नऊ दहा ते नऊ वीस

"सर, आज शेवटचा तास मी घेते हं. दोनच प्रमेयं राहिलीत," गणिताच्या बाई स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाल्या.

सरांच्या दातांत पेनाचं टोपण होतं आणि पुढ्यात बदली तासांचा कागद. दोघं रजेवर, एकाचा घसा बसलेला, आणि तीन वर्ग मोकाट सुटलेले. कुणाला कुठे पाठवायचं या विवंचनेत सर मान वर न करताच म्हणाले, "बघू."

आता सरांच्या 'बघू'चा अर्थ शाळेत पाचवीच्या पोरालासुद्धा ठाऊक होता. "थँक्यू सर," म्हणून बाई गेल्यासुद्धा. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्या जिना चढून दिसेनाशा झाल्या होत्या.

सर शिकवायचे भूगोल, पण त्यांचं खरं काम वेळापत्रकाचं. सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तेच बसवत होते. कुणाचं मूल लहान, त्यांना पहिला तास नको. कोण जेवल्यावर स्वतःच पेंगतो, त्याला मधल्या सुट्टीनंतर नको. सगळ्यांची सोय लावता लावता सरांच्या वाट्याला उरेल ते यायचं. वाढणाऱ्याच्या पानात खरवड, दुसरं काय! दहावीचा शनिवारचा शेवटचा तास असाच त्यांच्याकडे आलेला. कागदावर त्याचं नाव 'अभ्यासकौशल्य'. बारा वर्षं तो तास कागदावर होता. प्रत्यक्षात झाला किती वेळा, तर एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरतील. गणिताला दिला, विज्ञानाला दिला, एकदा तर ग्रुप फोटोला दिला.

आज मात्र द्यायचा नव्हता. सोमवारपासून दहावीला अभ्यासाची सुट्टी लागणार होती आणि महिनाअखेर सर निवृत्त होणार होते. म्हणजे हा शेवटचाच. सकाळी चपला घालताना त्यांनी बायकोला तसं सांगितलंही होतं.

"आज तास घेणार मी."

"अहो, बारा वर्षं हेच ऐकतेय. डबा घ्या आधी, तो विसरलात," बायको म्हणाली.

तिलाही त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळंच उकरून काढावं लागलं असतं.

बारा वर्षांपूर्वी सरांची लेक याच शाळेत दहावीला होती. सरांनी तिच्यासाठी एक वेळापत्रक आखलं. पट्टी घेऊन, तीन रंगांत. पहाटे ४.५५ला तोंड धुणे, ५.००ला पाठांतर, इथपासून रात्री साडेदहापर्यंत. दुपारी 'डोळे मिटून बसणे, ७ मिनिटे' असंसुद्धा त्यात होतं. पोरगी गुणी. ब्र न काढता तिनं ते तंतोतंत पाळलं आणि शाळेत पहिली आली. हेडमास्तरांनी तिच्या भिंतीवरचा तो कागद मागवून घेतला, शाळेच्या क्लार्कनं तो जसाच्या तसा टाइप केला, वर 'आदर्श वेळापत्रक' असं नाव घातलं, आणि तेव्हापासून दहावीच्या प्रत्येक मुलाला त्याची एकेक प्रत मिळू लागली. तो समजावून सांगायला म्हणून हा शनिवारचा तास. त्या वर्षी सरांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

लेक पुढे शिकली, लांबच्या शहरात मोठ्या नोकरीला लागली. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तिचा फोन येई. दहा वाजून दहा मिनिटांनी ती म्हणे, "बरं बाबा, ठेवते." पहिली दोन वर्षं सर लोकांना कौतुकानं सांगायचे, पोरगी वेळेची किती पक्की आहे बघा! मग बायकोचं ऑपरेशन झालं. त्या रविवारीही फोन आला. टाके, ताप, औषधं, डॉक्टर, सगळं तिनं क्रमवार विचारलं, मी येऊ का असंही विचारलं, आणि दहा दहाला म्हणाली, "बरं बाबा, ठेवते." हॉस्पिटलच्या जिन्यावर फोन हातात धरून बसलेल्या सरांना त्या कागदातली एक ओळ आठवली. 'रात्री ९.१० ते ९.२०, घरच्यांशी बोलणे.'

आपणच शिकवलं हे, त्यांना वाटलं. आपल्याच हातानं.

तेव्हापासून तो कागद त्यांच्या डोळ्यांना सोसेना. हेडमास्तरांकडे एकदा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "सर, निकाल बघा की! चालत्या गाडीला खीळ कशाला?" निकाल चांगलाच लागत होता. पण जाण्याआधी एकदा मुलांना आपल्या तोंडानं सांगायचं, एवढं मनात राहून गेलं होतं.

शेवटच्या तासाला सर वर्गावर पोचले तेव्हा फळ्यावर वर्तुळ काढून झालं होतं.

"अय्या, सर तुम्ही?" बाईंचा खडू हवेतच थांबला. "तुम्ही बघू म्हणालात ना?"

"हो, म्हणालो खरा."

एरवी सर इथूनच मागे वळले असते. आज ते सरळ आत गेले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं माना वळवून बघायला लागली. बाईंनी दोन क्षण वाट पाहिली आणि प्रमेय पुढे चालू केलं.

सरांच्या शेजारी एक मुलगी बसली होती. डोळे सताड उघडे, नजर फळ्यावर, आणि चक्क झोपलेली. तिच्या वहीच्या कव्हराला आतून तो कागद चिकटवलेला होता. पहाटेच्या ओळीसमोर तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज ४ मिनिटे उशीर.' त्याखाली, 'आज २ मिनिटे उशीर.' त्याखाली, 'जमले.' सर ते वाचत बसले. आपल्याच अक्षराची लाज वाटावी तसं त्यांना झालं, आणि ते तर टाइप केलेलं होतं. दहा मिनिटं गेली. मग ते उठून उभे राहिले.

"बाई, हा तास माझा आहे."

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी उच्चारलेलं नव्हतं.

"अहो पण सर, सोमवारपासून मुलं यायचीच नाहीत! माझं प्रमेय अर्धं राहिलंय."

"माझंही राहिलंय हो," सर म्हणाले.

बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि पर्स उचलून निघून गेल्या. दार त्यांनी हळूच लावलं. आपटलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. अकरा वर्षं बाजूच्या खुर्चीवर बसणारी बाई, मधल्या सुट्टीत डब्यातलं पुढे करणारी. सोमवारी तोंड कसं दाखवायचं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

सरांच्या फायलीत बारा वर्षांची टिपणं होती. ती फाईल त्यांनी उघडलीच नाही.

"तो आदर्श वेळापत्रकाचा कागद काढा," ते म्हणाले.

चाळीस कागद निघाले. कुणाच्या वहीत, कुणाच्या कंपासपेटीत चौपदरी घडी.

"रात्री नऊ दहा ते नऊ वीस. सापडलं? ती ओळ खोडा."

कुणीच पेन उचलेना. पुढचा एक मुलगा म्हणाला, "सर, परीक्षेच्या दृष्टीनं?"

दोघंतिघं हसले. सरही हसले. मग त्यांना ते जमेना.

"अरे, हा कागद मी केलाय," ते म्हणाले. "माझ्या लेकीसाठी. घरच्यांशी दहा मिनिटं बोलायचं, हे असं कागदावर मांडतं का कुणी? मी मांडलं. चुकलं माझं. ते तुमच्यापर्यंत आलं, त्याचं फार वाईट वाटतं मला. खोडा ते. आणि नऊनंतरचं सगळंच खोडा. मोकळं ठेवा."

शेजारची झोपलेली मुलगी आता टक्क जागी होती. तिनं पट्टी काढली, ओळी नीट खोडल्या आणि पेन धरून विचारलं, "सर, मोकळं म्हणजे काय लिहू?"

"काही नको लिहूस गं. रिकामं राहू दे."

"पण रिकामं दिसलं तर आई विचारेल ना."

तिनं जरा विचार केला आणि खाली नवी ओळ लिहिली: 'रात्री ९.०० ते १०.३०, मोकळे राहणे, सरांच्या सूचनेनुसार.' मग खाली पट्टीनं रेघ मारली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं ते बघून उतरवून घेतलं. तिचं बघून तिच्या पुढचीनं. घंटा होईपर्यंत अख्ख्या वर्गानं लिहून घेतलं होतं.

सर घरी आले ते पार गळून. बायकोनं विचारलं, "झाला का तास?"

"झाला."

"मग असे का बसलात?"

"अगं, दमलो," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

रविवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजला. आईशी बोलून झालं, हवापाणी झालं, पेन्शनच्या कागदांचं झालं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटं झाली.

"बरं बाबा..."

"थांब जरा. तुझं ते दहावीचं वेळापत्रक आठवतं?"

"आठवतं की. का?"

"काल वर्गात त्यातली एक ओळ खोडायला लावली मी पोरांना. घरच्यांशी बोलणे, दहा मिनिटे. बाळा, फार कमी लिहिली होती गं मी. मला तेव्हा कळलं नाही."

फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानावर घट्ट धरला.

"बाबा," लेक म्हणाली, "तुमच्या कागदात ती ओळ नव्हतीच."

"नव्हती?"

"नऊ ते दहा सलग भूमिती होती. ती ओळ मी पेन्सिलीनं घुसवली होती मधे. टाइप करणाऱ्या काकांनी तीही उतरवून घेतली. नऊ दहाला तुम्ही पाणी प्यायला उठायचात ना स्वयंपाकघरात. म्हणून."

दहा वाजून बारा मिनिटं झाली. तेरा झाली. ती ठेवते म्हणाली नाही. सरांच्या घशाला कोरड पडली होती. तांब्या चार पावलांवर होता, पण पाणी प्यायला ते उठले नाहीत.