बोटांनी वाचलेली फाइल

माणिकराव झोपेतच गेले त्याला सात महिने झाले होते आणि त्यांचा लॅपटॉप चालू व्हायला आता पाऊण तास घेत होता. कमठाण्याच्या पार्वतीबाईंना लॅपटॉपचं काही कौतुक नव्हतं. त्यांना हवी होती आतली एक फाइल. शेवटच्या हिवाळ्यात नवरा रोज संध्याकाळी काहीतरी टाइप करायचा आणि त्या मागून आल्या की घाईघाईनं लॅपटॉप मिटायचा. बेचाळीस वर्षांच्या संसारात तंबाखू सोडली तर त्यानं लपवलेली ही एकच गोष्ट. कुणाला पत्र होतं, की शेताचं काही होतं? या प्रश्नानं बाईंच्या डोक्यात बिऱ्हाडच थाटलं होतं. एके सकाळी त्यांनी लॅपटॉप धुतलेल्या लुगड्यात गुंडाळला आणि हुमनाबादची बस धरली.

बस स्टँडसमोर शैलश्रीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिशीतली ही बाई घरात कन्नड बोलायची आणि मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेली. तिनं लॅपटॉप उघडून बघितला, कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्का, हे आता पार पुसून काढावं लागतंय बघा. आतलं सगळं आधी बाहेर काढून ठेवते, मग नवीन विंडोज घालते, मग आतलं परत आत."

"म्हंजे कणगी रिकामी करून, सारवून परत भरायची."

"व्हय. तसंच."

"एक दाणा सांडला तर बघ."

शैलश्री हसली आणि दुसरी डिस्क जोडून कामाला लागली. फोटो, भीमगीतं, लग्नपत्रिका, लोकांचे अर्ज, सगळं तिकडे गेलं. दोघींनी फाइलींचा आकडा इकडे बघितला, तिकडे बघितला, दोनदा जुळवला. उघडून मात्र एकही बघितली नाही. कणगीतून बाहेर काढली म्हणून ज्वारीची काही बाजरी होत नाही, अशी दोघींची खात्री. मग शैलश्रीनं बटण दाबलं आणि माणिकरावांचा लॅपटॉप कोरा झाला.

दुपारपर्यंत नवीन विंडोज बसलं. लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू झाला. फायली परत आत गेल्या. पार्वतीबाई खुर्ची ओढून जवळ सरकल्या. शैलश्रीनं शेवटच्या तारखेची फाइल उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला झाला होता, वाचायला जावं तर एक शब्द धड नाही.

"हे काय गं?"

"फॉन्ट गेला, अक्का." शैलश्रीचा आवाज बारीक झाला. माणिकरावांनी मराठीचा जुना फॉन्ट अठरा वर्षांपूर्वी उदगीरच्या एका डीटीपीवाल्याकडून सीडीवर आणलेला. फाइलीत खरी अक्षरं इंग्रजीच असायची, हा फॉन्ट त्यांना पडद्यावर मराठीचा अंगरखा चढवायचा. फायली बचावल्या, अंगरखा पुसला गेला. शैलश्रीनं नेटवर त्या नावाचा फॉन्ट शोधला, मिळेना. दुसरे दोन घालून बघितले तर मराठी अक्षरं आली, पण तीही अर्थावाचून. डीटीपीवाल्याचा नंबर बंद.

"माझंच चुकलं. पुसायच्या आधी उघडून बघायला पायजे होतं."

"मग बघितलं कामून न्हाईस?" पार्वतीबाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की बाहेर लॉरी पुसणारा ड्रायव्हर वळून बघायला लागला. त्यांना रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. माणूस गेला तो गेला, आता त्याचं बोलणंही गेलं.

शैलश्री पडद्यावरच्या ओळी एकेक करून तपासायला लागली. तिलाही चैन पडेना. "एक शब्द सारखा सारखा यायलाय बघा. आय, के, ओ, मोठा झेड, आर, एच. दर दोन ओळींनी हाच."

पार्वतीबाईंनी वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू येत. त्यांनी दुकानाचा कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि ती सहा बटणं शोधून एकेक दाबली. दुसऱ्यांदा जरा भरभर दाबली. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले.

आळंदहून मावशीकडे राहायला आलेली पार्वती, वय एकोणीस, याच गावात टायपिंग क्लासला बसायची. क्लास माणिकरावांचा. विद्यार्थ्यांनी बटणांकडे बघू नये म्हणून हा मास्तर त्यांच्या हातांवर टॉवेल टाकायचा. मराठी टायपिंगची परीक्षा ती पास झाली. नोकरी मिळाली नाही, मास्तर मिळाला.

उजवं मधलं बोट वर, प. तेच खाली, काना. अनामिका वर, व. शिफ्ट धरून डावी करंगळी खाली, रफार. डावी तर्जनी वर, त. उजवी तर्जनी आत, दुसरी वेलांटी.

"पार्वती," बाई म्हणाल्या. "अगं, माझं नाव हाय हे!"

शैलश्री ताडकन उठली. "म्हंजे टायपरायटरच्या बटणांचा फॉन्ट! मला वाटलंच न्हाई. थांबा, तसला एखादा हुडकते, दहा मिनिटांत सगळं दिसतंय."

"नको. बस तू. मी वाचायलेय."

फॉन्ट आला असता तर ते शैलश्रीलाही दिसलं असतं, आणि नवऱ्यानं काय लपवलं ते आधी आपल्यालाच कळलं पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पार्वतीबाई पहिल्या ओळीवर गेल्या. लोकांचे अर्ज लिहून लिहून माणिकरावांची भाषाच अर्जाची झाली होती.

'विषय: पार्वती गेल्यानंतर करावयाच्या बाबी.'

बाईंची बोटं थांबली. दोन वर्षांपूर्वी कलबुर्गीला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी माणिकरावांना बाजूला नेऊन काही सांगितलं होतं, आणि काय सांगितलं ते त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. म्हणजे हा माणूस आपल्या मागं कसं जगायचं त्याची तयारी करत होता! त्यांना आधी संताप आला. मग पुढं काय लिहिलंय ते कळल्याशिवाय राहवेना.

'अंबाडीची भाजी. पार्वती तुरीची डाळ वेगळी शिजवते, कण्या मागून घालते. कारण विचारले, सांगितले नाही.' 'तानुबाई शेजारीण हिला ताक देणे. पार्वती देते म्हणून ती येते.' 'पार्वतीच्या गोळ्यांचा डबा टाकून न देणे.'

त्या हिवाळ्यात हा माणूस चुलीपाशी येऊन बसायचा, हे किती, ते कधी, म्हणून भंडावून सोडायचा. काम नसलं की मास्तर असाच छळतो, असं म्हणून त्यांनी त्याला दोनदा हाकलून दिलं होतं. आता त्यांची बोटं चुकत होती, परत मागे जात होती. शैलश्रीनं पाण्याची बाटली जवळ ठेवली.

शेवटची बाब लांब नव्हती. पार्वतीबाईंनी ती एकेक अक्षर दाबत वाचली.

'भाकरी. पार्वती लेकीकडे गेली असता आठ दिवस प्रयत्न केला. थापताना काठ फाटतात. ही बाब जमणे शक्य नाही. सबब, मीच अगोदर जात आहे.'

त्याखाली काही नव्हतं. बाईंनी तरी बाण खाली नेऊन बघितलं.

"काय लिवलंय, अक्का?" शैलश्रीनं हळूच विचारलं.

पार्वतीबाई हसायला लागल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"भाकरी जमंना म्हणून गेलाय गं, माझा मास्तर."