मीठ पडलं

आमच्या घरात ब्रेडचं यंत्र आलं ते शेजारच्या शिवणवालीमुळे. तिला ते कुणीतरी भेट दिलेलं, आणि तीन वर्षं तिनं त्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. "घेऊन जा बाई," म्हणाली, "मला त्यातलं एक बटण कळत नाही." मी उचलून आणलं, स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलं, लखलखीत पुसलं आणि ह्यांना हाक मारली.

हे म्हणजे माझे यजमान. एक्केचाळीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळलेला माणूस. ह्यांनी यंत्राभोवती नजर फिरवली, झाकणाच्या काचेतून आत डोकावले आणि विचारलं, "आत माणूस कुठं बसतो?" मी हसले. मग ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. गेलं दीड वर्ष असंच चाललं होतं. चेष्टा समजून हसावं आणि मग कळावं की चेष्टा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे. मी म्हटलं, लग्नाचा दिवस जन्मभर विसरत आलेल्या माणसाला आत्ता कुठला आजार होतोय? डॉक्टर हसले नाहीत. त्यानंतर एकदा रिकामं पातेलं तासभर गॅसवर जळत राहिलं, तेव्हा गॅसला हात लावायचा नाही असं ठरलं. भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाला आगीपासून दूर ठेवायचं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. दिवसभर नुसते हात एकमेकांवर चोळत बसायचे. म्हणून ते यंत्र आणलं. त्यात आग दिसत नाही, मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं ते आपलं आपण करतं, आणि झालं की शिट्टी देतं.

ह्यांनी त्याचं नाव सूनबाई ठेवलं. आम्हाला मुलगा नाही, एकच लेक. "मुलगा नाही तर नाही, सून तर आली," म्हणायचे. "आणि बघ, झाकण लावून गुपचूप काम करते. झालं की तेवढं सांगते. नाहीतर तू." असं काही बोलले की मला बरं वाटायचं. ही चेष्टाच आहे, याची खात्री असायची.

मी तीन बरण्या केल्या आणि त्यांच्यावर मोठे आकडे चिकटवले. एकमध्ये मोजलेलं पाणी, दोनमध्ये पीठ आणि साखर, तीनमध्ये चमचाभर यीस्ट. मिठाचा डबा शेल्फवर, समोरच. पहिल्या दिवशी ह्यांनी एक, दोन, तीन अशा बरण्या ओतल्या, झाकण लावलं, मी सांगितलेलं बटण दाबलं आणि हात झटकून मोकळे झाले. मीठ टाकलंच नाही. ब्रेड भसाभसा फुगला, झाकणाला चिकटला, आणि चवीला कागद.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. ह्यांच्या बेकरीत एक रीत होती. मैदा मोठ्या कढईएवढ्या भांड्यात पडायचा, चारपाच जणांचे हात त्यात असायचे, आणि मीठ एकदा पिठात मिसळलं की पडलंय की नाही ते डोळ्यांना कळत नाही. कधीतरी दोघांनी टाकलं होतं, जास्त मिठानं पीठ फुगलंच नाही आणि आख्खा घाणा फेकावा लागला होता. तेव्हापासून जो मीठ टाकेल त्यानं मोठ्यानं ओरडायचं, "मीठ पडलं!" आणि दुसऱ्या कुणीतरी उत्तर द्यायचं, "पडलं!" उत्तर आल्याशिवाय मळायला सुरुवात करायची नाही. हे ती रीत घरीही घेऊन आले. लग्न होऊन आठ दिवस झाले नव्हते, मी भाजीत मीठ टाकलं, तर बाहेरच्या खोलीतून म्हणतात, "ओरडली नाहीस." मी म्हटलं, भाजीच्या पातेल्यात माझ्या एकटीचाच हात आहे, कुणासाठी ओरडू? तरी मी ओरडायला लागलेच. माझी हाक आणि ह्यांचं उत्तर, नाहीतर ह्यांची हाक आणि माझं. इतकी वर्षं. भांडण असलं, अबोला असला तरी तेवढं बोलणं व्हायचं. ती हाक बंद होऊन आता वर्ष झालं होतं. ह्यांच्या डोक्यातून मीठच गेलं होतं.

आठवण करून दिली की ह्यांचा चेहरा उतरायचा. मग दुसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती केली. सकाळी हे उठायच्या आत दोन नंबरच्या बरणीत पिठातच मीठ मिसळून ठेवायला लागले. ब्रेड झकास होऊ लागला. हे उलटा करून बुडाला बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "वाजतोय." आतून पोकळ वाजला की ब्रेड नीट भाजला, हा ह्यांचा हिशेब. मला वाटायचं, बाकी सगळं जाऊ दे, एवढं राहू दे.

मग एका सकाळी हे अनवाणी बाहेर पडले. पोस्टमननं घरी आणलं. केव्हाच बंद पडलेल्या बेकरीच्या शटरसमोर उभे होते आणि शटर उघडत नाही म्हणून चिडले होते. त्याच संध्याकाळी लेक आली.

लेक औषधांच्या दुकानात काम करते. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची तिला सवय. तिनं सगळी चौकशी करून ठेवली होती. अशा माणसांसाठी एक चांगलं घर आहे, स्वच्छ आहे, बाग आहे, दाराला कुलूप आहे, एक खोली महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवली आहे. मी भांडले. राग माझ्या नाकावरच असतो, हे सगळी गल्ली जाणते. भांडता भांडता मी बोलून गेले की तुझे बाबा अजून रोज ब्रेड करतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकटे, मी हातसुद्धा लावत नाही. लेक म्हणाली, रविवारी येते, खुर्चीत बसून बघते. बाबांनी एकट्यानं केला, तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढणार नाही.

रविवारी हे लवकर उठले. लेक येणार एवढं लक्षात होतं. दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, गुंडीन् गुंडी बरोबर लावली. मला कळायला हवं होतं की आज दिवस चांगला आहे. पण त्याआधीच, हे उठायच्या आत, मी बरणीत मीठ मिसळून ठेवलं होतं. रोजच्यासारखं.

लेक खुर्चीत बसली. मी दाराशी उभी राहिले. ह्यांनी भांड्यात पाणी ओतलं. पीठ ओतलं. तीन नंबरच्या बरणीला हात घातला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता तिसरी बरणी विसरतात की काय. हे वळले, शेल्फकडे गेले, मिठाचा डबा काढला. तळहातावर मीठ घेतलं, हात जरासा हलवून त्याचं वजन पाहिलं, जसं बेकरीत पाहायचे, आणि पिठावर सोडलं.

मग मान वर करून ओरडले, "मीठ पडलं!"

लेकीनं तोंडावर हात ठेवला. तिचं लहानपण त्या हाकेत गेलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले आणि चेहऱ्यावर हसू. तिला वाटलं, आई खरं सांगत होती.

आणि हे माझ्याकडे बघत होते. उत्तरासाठी. उत्तर आल्याशिवाय बटण दाबणार नव्हते.

तेव्हा बोलायला हवं होतं. थांबा, दोनदा पडलं, माझ्या हातून आधीच पडलंय, एवढंच. पीठ टाकून दिलं असतं, दुसरं मोजलं असतं. पण मग आधीचा प्रत्येक ब्रेड लेकीला कळला असता. लेकीपुढे मी खोटी पडले असते. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की थोडा तरी फुगेल, चालून जाईल.

मी म्हटलं, "पडलं."

ह्यांनी यीस्ट टाकलं, झाकण लावलं, बटण दाबलं. तीन तास दहा मिनिटं, असा आकडा उमटला.

ते तीन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. यंत्र मळत होतं, घरघरत होतं. हे लेकीला सांगत होते की ही आमची सूनबाई, हिच्या मध्ये मध्ये करायचं नाही. लेक खळखळून हसत होती. असं हसलेलं मी तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, उद्याच फोन करून ती खोली सोडून देते. यंत्राचं बटण बंद करावं, वीज गेली म्हणावं, असंही मनात आलं. दोन पावलं पुढे गेलेसुद्धा. लेक गमतीनं म्हणाली, "आई, तू हात लावायचा नाहीस हं, ठरलंय आपलं." मी परत फिरले. काचेतून पाहिलं तर पीठ भांड्याच्या तळाशी तसंच बसलेलं, दगड होऊन.

शिट्टी वाजली. ह्यांनी झाकण उघडलं, हातात फडकं घेऊन भांडं उलटं केलं. फळीवर ब्रेड पडला तो धप्प करून. रोजच्या अर्धाच होता, घट्ट आणि बसका. लेकीचं हसू हळूहळू मावळलं. हे मात्र घाबरले नाहीत. बुडाला टकटक केली, कान लावला, मान हलवली. एक कोपरा तोडून जिभेवर ठेवला. त्या क्षणी ते पूर्वीचेच होते, भट्टीपुढे उभे असलेले, ज्यांचा शब्द शेवटचा असायचा.

"मीठ दोनदा पडलंय," म्हणाले.

अगदी बरोबर. डॉक्टरांना, मला, कुणालाही विचारायची गरज नव्हती. ह्यांना एका घासात कळलं.

लेकीनं हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही दोनदा टाकलंत का?"

हे विचारात पडले. माझ्याकडे पाहिलं. मी फळीकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत ह्यांनी कधी कबूल केलं नव्हतं की आपण विसरतो. चष्मा मी लपवला, किल्ली लेकीनं नेली, बेकरीचं शटर कुणीतरी मुद्दाम ओढलं, असंच म्हणायचे. कधीच स्वतःवर घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं.

"माझ्याच हातून पडलं असेल," म्हणाले. "आजकाल नाही राहत गं लक्षात."

लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी तिथेच, हाताच्या अंतरावर होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

मंगळवारी हे त्या घरी राहायला गेले. जाताना सदरा मी इस्त्री करून दिला. गाडीत बसताना ह्यांनी विचारलं, सूनबाईकडे कोण बघणार? मी म्हटलं, मी बघते.

आठवड्यानं मला राहवेना. लेकीला फोन करून सगळं सांगितलं, तिला आणि स्वतःला दोघींनाही लागेल असं सांगितलं. म्हटलं, त्यांना परत आण, चूक माझी होती, त्यांना मीठ आठवलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, म्हणजे बाकीचे सगळे दिवस तूच टाकत होतीस." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी भांडले तरी असते.

आता दर रविवारी मी ब्रेड घेऊन जाते. ह्यांचा चेहरा गोल झाला आहे, कपडे स्वच्छ असतात, तिथली माणसं चांगली आहेत, तक्रार करायला जागा नाही. मला ते ओळखत नाहीत. ब्रेड आणणारी बाई म्हणून ओळखतात. बुडाला टकटक करतात, कान लावतात, "वाजतोय" म्हणतात आणि शेजारच्या म्हाताऱ्याला अर्धा देतात.

गेल्या रविवारी आम्ही दोघंच बागेतल्या बाकावर होतो. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "मला एक सांगायचंय. एकदा आमच्याकडे ब्रेडमध्ये मीठ दोनदा पडलं. एकदा माझ्या हातून, एकदा माझ्या यजमानांच्या. त्यांनी ओरडून सांगितलं होतं. मला माहीत होतं आधी पडलंय म्हणून. तरी मी उत्तर दिलं, पडलं."

ह्यांनी खाणं थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी चुकलेल्या कामगाराकडे पाहावं तसं.

"अहो बाई," म्हणाले, "तिथंच सांगायचं ना. उत्तर कशासाठी मागतात मग?"

मी म्हटलं, चुकलंच माझं. ह्यांनी मान डोलवली, मांडीवरचा चुरा झटकला आणि विचारलं, "मग काय म्हणाले यजमान?"

"माझ्याच हातून पडलं असेल म्हणाले."

ह्यांनी उरलेल्या ब्रेडचा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला, आणि मी तो खाल्ला.