ताईंच्या मापाची गाडी

मित्रांनो, मला रस्त्याच्या कडेला उभी पाहिलीत तर तुम्ही म्हणाल, ही बाजारातून पिशव्या आणणारी साधी छोटी मोटार दिसते. म्हणा खुशाल. मी बुटकी आहे, मला बाजूला दोन आणि मागे एक अशी तीन दारं आहेत, आणि लाल रंग सोडला तर नजरेत भरावं असं माझ्यात फारसं काही नाही. पण मला घडवणाऱ्यांनी एक खोडी करून ठेवली. एवढ्याशा अंगात त्यांनी थोरल्या गाडीचं इंजिन बसवलं. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता मी जुनी झाले आहे, पण गर्व काही पुरता गेलेला नाही.

माझ्या सीटांना लाल-काळ्या चौकडीचं जाड कापड होतं. घाटातल्या वळणावर बसणारा कलंडू नये म्हणून सीटच्या दोन्ही कडा चांगल्या उंच केल्या होत्या. त्या सीटा नीट लक्षात ठेवा. पुढे सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं.

मला विकत घेतलं जनावरांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. दुकानदाराने त्यांना एक मोठी, शांत स्वभावाची गाडी दाखवली होती. ताईंनी एवढंच विचारलं की यातली लवकर पोचणारी कोणती. अडलेली गाय कुणासाठी थांबत नसते. दुकानदाराने नाइलाजाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझं भाग्य उघडलं.

काय ते दिवस होते! चिखलाचे बूट, औषधांची पेटी आणि मी. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर ताई मला अशा दामटायच्या की वळणावर कोंबड्या आधी उडायच्या आणि मग विचार करायच्या. एकदा थंडीने काकडलेलं नुकतं जन्मलेलं वासरू त्यांनी माझ्या मागच्या सीटवर निजवून घरी आणलं. त्या सीटचा वास पुढे किती दिवस गेला नाही, विचारू नका. सुट्टीच्या दिवशी घाट चढण्याच्या शर्यती असत. तिथे मोठमोठ्या गाड्यांचे मालक मला पाहून हसायचे आणि संध्याकाळी माझ्या मागच्या दाराचा फोटो काढायचे, कारण त्यांना दिवसभर तेवढंच दिसलेलं असायचं. ताई तोंडाने कौतुक करायच्या नाहीत. शर्यत संपली की टपावर दोनदा थोपटायच्या, जसं गाईच्या पाठीवर थोपटतात तसं. मला त्यात सगळं मिळायचं.

पुढे ताईंच्या दवाखान्याला एक उंच, दणकट गाडी मिळाली आणि मी मागच्या शेडमध्ये गेले. आज बाहेर काढू, उद्या काढू म्हणता म्हणता चारही टायर बसले. उंदरांनी चौकडीचं कापड कुरतडून बाळंतपणं केली. दारांखालचा पत्रा गंजून इतका पातळ झाला की बोट घातलं तर आरपार जावं. मला राग नव्हता आला, पण वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस ताई घरातच घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. त्यांचे धाकटे भाऊ त्यांना आपल्या घरी घेऊन आले आणि दोरखंडाने ओढत मलाही घेऊन आले. हे भाऊ शिंपी. गावभर त्यांना मास्तर म्हणतात. हाताने इतके हुशार, पण वेगाला असे भित्रे की सायकलसुद्धा ब्रेकवर बोटं ठेवून चालवायचे. त्यांनी मला मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं केलं, ते बरोबर ताईंच्या खोलीच्या खिडकीसमोर. त्यामुळे आतलं बोलणं मला सगळं ऐकू येई.

हाडांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की रोज चाला, नाहीतर पाय कायमचे जातील. पण ताई उठेनात. वॉकर दाराआड उभा राहिला आणि ताईंनी आपली खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. मी नजरेला पडू नये म्हणूनच ती पाठ होती, हे मला समजलं. मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. उपयोग शून्य. शेवटी एका सकाळी मास्तरच म्हणाले, "तूच लोकांना सांगायचीस ना ताई, बसलेली गाय वेळेवर उठवली नाही तर ती बसूनच राहते?"

"मी गाय नाही," ताई म्हणाल्या. "आणि ते बाहेरचं धूड भंगारात दे."

"देतो. आधी एकदा चालवून दाखव. मग देतो."

"आधी चालू तर कर," ताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, विषय संपला.

पण मास्तरांना तेवढा धागा पुरला. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या फोरमनना गाठलं. फोरमन उभं आयुष्य गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. ते घडीची खुर्ची घेऊन आले, अंगणात बसले आणि हुकूम सोडू लागले. त्यांची एकच अट होती. गाडी कारखान्यातून आली होती तशीच झाली पाहिजे, एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे चालणार नाही.

मित्रांनो, मास्तरांनी मला उसवलं असंच म्हणते मी. जुनी चादर अंथरून त्यांनी माझा एकेक भाग त्यावर ओळीने मांडला आणि प्रत्येकाभोवती शिंप्याच्या खडूने रेघ मारली. इंजिन परत जोडताना सगळे बोल्ट आधी नुसते हाताने बसवले, कापडाला आधी कच्चे टाके घालतात तसे, आणि सगळं जागेवर आल्यावरच पाना लावला. यावर फोरमननी मान डोलावली. फोरमनची मान सहसा डोलत नसे. एका दुपारी कार्ब्युरेटर सुटा करून जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवलेला होता. वहिनी ताटं घेऊन आल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि आज जेवायला हेच आहे का, असं शांतपणे विचारून गेल्या.

एक चूक मात्र झाली, आणि ती शिंपीच करू जाणे. माझ्या दाराखालच्या गंजक्या पत्र्याचा मास्तरांनी कागदावर सुरेख नमुना काढला. पण पत्रा कापताना हाताच्या सवयीने चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडला. शिवणीच्या आत असं जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. लेकरू वाढलं, माणूस सुटलं, तर तेवढं उसवून कपडा सैल करता येतो. पत्रा वेल्डिंग करून बसवला आणि माझं दार लागेचना. फोरमन पोट धरून हसले. "अहो मास्तर," ते म्हणाले, "गाडीचं अंग वाढत नाही." मास्तर ओशाळले, पत्रा काढून पुन्हा नेमका कापला. पण सीटांची खोळ शिवताना कापड मात्र त्यांनी सवयीप्रमाणे भरपूर आत दुमडलं. ते कापड त्यांच्या प्रांतातलं होतं, तिथे ते कुणाचं ऐकत नसत. तशीच लाल-काळी चौकडी त्यांनी शोधून आणली होती आणि जोडावर रेघेला रेघ अशी जुळवली की शिवण शोधून सापडू नये. मी इतकी वर्षं कौतुकं ऐकली, पण त्या शिवणीचं कौतुक मला स्वतःलाच करावंसं वाटलं.

मग इंजिन सुरू करायचा दिवस आला. मी खोकले, थरथरले, बंद पडले. पुन्हा खोकले. फोरमन कपाळाला आठ्या घालून बोनेटमध्ये डोकावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. "ठिणगी उशिरा पडतेय. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवा."

फोरमननी तो किंचित फिरवला आणि मी अशी सुरेल चालू लागले की मलाच माझी ओळख पटेना. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. ताई घराच्या मागच्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीला, वॉकरसकट बाहेर आलेल्या. मास्तर काही बोलणार तोच वहिनींनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. जनावराच्या पोटाला कान लावणाऱ्या बाईला माझा खोकला सहन झाला नव्हता. त्या दिवसापासून त्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून राहिली आणि त्या रोज दारापर्यंत चालू लागल्या, आमच्या चुका काढायला.

रंग झाला, काचा बसल्या, मी आरशासारखी लखलखले. फोरमन म्हणाले, कारखान्याच्या दारातून आत्ताच निघालीय. ताई सपाट बूट घालून आल्या. मास्तरांनी दार उघडलं. ताईंनी दाराला धरून पाय उचलला, पण सीटच्या उंच कडेवरून तो पलीकडे जाईना. मग पाठ करून बसून पाहिलं. सीट इतकी खोल की खुब्यातून कळ गेली आणि त्यांच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या, थोडा वेळ माझ्या टपावर हात ठेवून थांबल्या.

"गाडी पंचविशीत परत गेली रे," त्या भावाला म्हणाल्या. "मला नाही जाता येत."

त्या आत गेल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि खिडकीत पुन्हा त्यांची पाठ दिसू लागली. मित्रांनो, मी अंगणात लखलखत उभी होते आणि मला माझ्या लखलखाटाची लाज वाटत होती. वॉकर पुन्हा दाराआड गेला. त्या दिवशी ताई जेवायलाही उठल्या नाहीत.

सकाळी मास्तर आले ते हातात ब्लेड घेऊन. माझ्या सीटची शिवण त्यांनी चिमटीत धरली. फोरमन खुर्ची टाकून धावले. हात लावू नका म्हणाले, एवढी हुबेहूब गाडी उभ्या जन्मात पाहिली नाही म्हणाले.

"हुबेहूब झालीय," मास्तर म्हणाले. "पण माप जुनं आहे. जुन्या मापावर कापड कापू नये हे मी हाताखालच्या पोरांना शिकवतो, आणि बहिणीच्या बाबतीत तेच केलं. मी तिला घाटात गाडी हाकणारी तरुण पोरगीच समजून बसलो होतो."

असं म्हणून ते मापाचा टेप घेऊन आत गेले. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. सीटला कधी माप लागतं का, म्हणून ताई कुरकुरल्या. मास्तर म्हणाले, सरळ बस. त्यांनी खुर्चीची उंची घेतली, गुडघ्याचं माप घेतलं, पाय दुखल्याशिवाय किती उचलतो ते पाहिलं, किती वाकतो ते पाहिलं. गिऱ्हाइकाला विचारावं तसं प्रत्येक वेळी, इथे घट्ट होतं का, असं विचारत गेले. हळूहळू कुरकुर थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना, उठ, असं न सांगता, कुठे दुखतं, एवढं विचारत होतं.

मग मास्तरांनी माझी सीट उसवली. दाराकडची कडा कापून सपाट केली, गादी उंच केली. उंच गादीला कापड जास्त लागतं, आणि ते आत होतं, भरपूर दुमडून ठेवलेलं. त्याच ताग्याचं असल्यामुळे चौकडीची एकही रेघ चुकली नाही. फोरमन बराच वेळ ते पाहत राहिले. मग माझ्याखाली सरपटत शिरले आणि ताईंच्या पायाला झेपेल इतका क्लच हलका करून बाहेर आले. कारखान्यात असं नव्हतं, असं पुटपुटत त्यांनी दाराशी धरायला एक दांडीही बसवली.

ताईंना पुन्हा बोलवायची हिंमत कुणाला झाली नाही. मास्तरांनी फक्त दार उघडं ठेवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वॉकरची टकटक ऐकू आली. ताई आल्या, आधी सीटच्या कडेवर टेकल्या, दांडी धरली आणि एकेक पाय सावकाश आत घेतला. कुठेच अडलं नाही. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि मला त्यांचे तळवे ओळखीचे वाटले.

"बस शेजारी," त्या भावाला म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला, पण ते बसले. पहिल्या वळणावरच त्यांनी डोळे मिटले ते परत अंगणात येईपर्यंत उघडले नाहीत. मी फार वेगात नव्हते, मित्रांनो. तरी वळणावर ताईंनी गिअर बदलला तेव्हा मला माझी सगळी वर्षं परत मिळाली. परतल्यावर त्यांनी उतरून टपावर दोनदा थोपटलं.

"मग? सांगू भंगारवाल्याला?" मास्तरांनी डोळे उघडत विचारलं. त्यांच्या गळ्यात अजून टेप होता.

"वॉकर मागच्या सीटवर टाक," ताई म्हणाल्या. "उद्या लांब जायचंय."

आता मी काही पहिल्यासारखी हुबेहूब राहिले नाही. जाणकार येतात, माझी एक कडा सपाट पाहून हळहळतात. तेव्हा त्यांना उत्तर देतात ते आमचे फोरमनच. "गाडीचं अंग वाढत नाही," ते म्हणतात, "बसणाऱ्याचं बदलतं."

मित्रांनो, तुमच्याकडे जुन्या वस्तू असतील तर त्यांना ऊन-पावसात टाकू नका, त्यांच्या अंगावरून अधूनमधून हात फिरवा. आणि घरातल्या माणसांची मापं पुन्हा घेत जा. ज्यांना तुम्ही एकेकाळी धावताना पाहिलंत, त्यांना आज कुठे घट्ट होतं ते विचारा, आणि थोडं कापड आत दुमडून ठेवा. एवढंच मागणं आहे. बाकी गप्पा पुन्हा केव्हातरी मारल्या असत्या, पण वॉकरची टकटक जवळ आली आहे, आणि ताईंना ताटकळत ठेवलेलं मुळीच चालत नाही.