दंडावरची घार

"सांगून कुणाला पटायचं नाही, डॉक्टर," डाव्या हातानं उजवं कोपर पेलत पेंटर स्टुलावर ऐसपैस टेकला, "पण मी उडालो."

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला.

"मागच्या खेपेला बैल होता, काका."

"बैलाचं सोडा हो. बारा फुटी पत्र्याचा बोर्ड, एकच अक्षर राहिलेलं. वारा असा काही शिरला की बोर्डासकट मी वर! तीन गल्ल्या ओलांडल्या. खाली खिडकीत आमची ही. वरूनच ओरडलो, अगं, भाजी उतरव, करपतेय."

दाराशी बसलेली बायको बोटातली अंगठी फिरवत राहिली. एरवी त्याच्या गोष्टीत भाजी आली की ती हमखास हसायची.

"पडलात कुठे?"

"पडतोय कसला! बँकेच्या गच्चीवर उभाच्या उभा उतरलो. ब्रश हातातच. राहिलेलं अक्षर तिथंच पुरं केलं."

"पडून निखळलेला खांदा सहसा पुढे सरकतो," डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर पेन टेकवलं. "तुमचा मागे गेलाय. मिरगीच्या झटक्यात असाच जातो. फिट आली होती ना?"

"आली की! नाही कुठं म्हणतोय? हवेत असतानाच आली."

त्यांना हसू आवरेना. पण बाही वर सारली आणि ते ओसरलं. दंडावर चार निळे वळ शेजारीशेजारी होते, पाचवा मागच्या अंगाला.

"झटके चालू असताना हात कुणी दाबून धरला होता?"

"हवेत कोण धरणार?"

"काका, थट्टा पुरे. झटक्यात स्नायू आवळतात. तेव्हा हात कुणी जखडला की सगळा जोर सांध्यावर येतो. उद्या मी खांद्याचं मोडलेलं हाड स्क्रूनं बसवतेय. हात डोक्याच्या वर जाईल, तुम्ही बोर्ड रंगवाल, ते माझ्याकडे लागलं. पण पुन्हा असं धरलं, तर स्क्रू उखडतील आणि ब्रश कायमचा सुटेल. म्हणून विचारते. घरी कोण होतं?"

पेंटरनं बायकोकडे बघायचं टाळलं. एकतीस वर्षं प्रत्येक झटक्यात ती हा हात जिवाच्या आकांतानं धरून बसायची. सोडला की नवरा गेलाच, अशी तिची खात्री. शुद्धीवर येताना त्याला आधी ती पकड कळायची, आपलं नाव त्यानंतर आठवायचं.

"कुणी नव्हतं," तो म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज चढला. "आता खरं सांगतो. घार होती. ही एवढी थोरली! मी खाली येतोय बघून झेपावली, दंडाला धरलं आणि गच्चीवर अल्लद ठेवलं. तिच्यामुळं तर आज तुमच्यापुढं बसलोय. तिला नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवतो."

डॉक्टरीणबाई दंडावर वाकल्या. एका वळात बारीकशी, खोल खाच उमटली होती.

बायको उठून जवळ आली. तिनं आपली बोटं एकेक करून त्या वळांवर ठेवली. जराही दाब न देता.

"अहो," ती म्हणाली, "घार अंगठी घालते होय?"