आईचं फोल्डर

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पोटात बसून सगळं लक्षात ठेवायचं, हे माझं काम. माझ्या आत चकत्या गरगर फिरत आणि त्यांच्यावरून एक बारीक पातं, चकतीला न शिवता, इकडून तिकडे धावत असे. स्वस्थ बसणं मला कधी माहीतच नव्हतं.

१९९४ साली मी पेणला मृणालीबाईंच्या घरी आले. बाई प्राथमिक शाळेत शिकवत. सुरुवातीला मी नुसत्या प्रश्नपत्रिका सांभाळत होते. मग एका सुट्टीत बाईंनी आपल्या आईला, जनीबाईंना, शेजारी खुर्चीवर बसवलं. जनीबाईंची हयात खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. वाफ्याची माती पायांनी किती तुडवायची, कुठला वारा सुटला की मीठ धरत नाही, हळदीला बायका कोणती गाणी म्हणत, हे सगळं त्या सांगत आणि बाई टाईप करत.

"गो, ह्ये कोन वाचनार हाय?" जनीबाई विचारत.

"मी वाचीन, आये. तू सांग."

तीन वर्षांत ते फोल्डर चांगलंच भरलं. त्याला नाव होतं 'आई'.

सत्त्याण्णवच्या होळीनंतर जनीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्याच उन्हाळ्यात मीही बिघडले. सुरू होताना माझ्यातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. कधी एखादी फाईल उघडायला मिनिटभर लागे. बाईंनी फ्लॉपीवर काढून ठेवलेल्या प्रती शोधल्या, तर खाडीच्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरलेली. आता जनीबाईंचं बोलणं फक्त माझ्यापाशी उरलं होतं, आणि माझा काही भरवसा नव्हता.

बाईंचा मामेभाऊ सुजय रोह्याजवळ वरसे गावात राहायचा. कंपनीत यंत्रं दुरुस्त करायचा आणि संगणकाचंही त्याला कळायचं. त्यानं फोनवर सांगितलं, "ताई, मशिन आता चालू करू नको. तशीच घेऊन ये. मी दोन नव्या डिस्क मागवतो."

गोधडीत गुंडाळलेला संगणक मांडीवर घेऊन बाई पेणहून एसटीत बसल्या. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. प्रत्येक खड्ड्याला त्या गुडघे उचलून मला झेलत होत्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली ठेवा की." त्यांनी नुसती मान हलवली.

पहिली शिफ्ट संपवून सुजय घरी आला आणि लगेच कामाला लागला. नवी डिस्क मुख्य जागी जोडायची, मला तिच्या मागे, आणि माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवायचं, असा त्याचा बेत. त्याआधी नवी डिस्क फॉरमॅट करायची होती, म्हणजे पुसून लिहिण्याजोगी करायची होती. त्यानं फॉरमॅटची आज्ञा टाईप केली. पडद्यावर सूचना आली, की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. त्याचं बोट 'होय'च्या बटणावर गेलं.

"थांब!" बाई ओरडल्या. "ही नवीच डिस्क, कशावरून?"

"नवीच हाय गो ताई."

"आधी बघ तिच्यात काय आहे."

सुजयनं जरा चिडूनच यादी उघडली. पहिल्याच ओळीत नाव आलं, 'आई'.

नव्या डिस्कची केबल सैल राहिली होती. संगणकाला ती दिसलीच नव्हती, म्हणून तिच्या जागी त्यानं मलाच धरलं होतं. सुजय पुसायला निघाला होता तो मला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं बटण बंद केलं, केबल नीट दाबली आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं वाचत पुन्हा सुरुवात केली.

"आधी आईचं, मग बाकीचं," बाईंनी बजावलं.

मी द्यायला लागले. अकरा फायली गेल्या, बाराव्याला पातं अडकलं. टक्, टक्. सुजयनं मला बंद करून टेबलफॅनसमोर ठेवलं. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू केलं. अशी चार वेळा मी बंद पडले आणि चार वेळा उठले. फोल्डरमधली शेवटची फाईल पलीकडे पोचली आणि मग मात्र मी फिरायची थांबले. बाकीची सिस्टिम सुजयनं आपल्याकडच्या फ्लॉप्यांवरून नव्यानं घातली. दुसऱ्या नव्या डिस्कवर त्यानं त्या फोल्डरची आणखी एक प्रत काढली.

पेणला परतल्यावर बाई आईजवळ बसून पडद्यावरचं वाचू लागल्या. मला त्यांनी टेबलावरच ठेवलं होतं. जनीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "ज्या वर्षी बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी आत घुसलं, त्या वर्षी बाबांनी एकट्यानं माती लोटून खांड बुजवली." सारा गाव हेच सांगायचा, म्हणून बाईंनी आईला न विचारताच लिहिलेलं.

"नाय," जनीबाई म्हणाल्या.

झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द. बाई दचकल्या. "काय नाय, आये?"

जनीबाईंनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"तू बुजवलीस?"

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी नाकडोळे पुसले, 'बाबांनी' खोडलं आणि तिथे 'आईनं' लिहिलं.

मित्रांनो, ती दुरुस्ती माझ्यावर नाही. माझ्यावर अजून चुकीचंच वाक्य आहे, आणि ते मला स्वस्थ पडू देत नाही. म्हणून सांगते, यंत्राला जपा, प्रती काढा. पण घरातलं माणूस बोलतंय तोवर, त्याची गोष्ट त्यालाच विचारून घ्या.