वन्संचं काळं चॉकलेट

माझी नणंद रूता तीस वर्षांनी ऑकलंडहून कायमची परत आली, तेव्हा तिच्या बॅगेत दोन गोष्टी होत्या. एक काडीमोडाचा कागद आणि दुसरी कडू चॉकलेटच्या वीस वड्यांची चळत. कागद तिने लपवला. वड्या मात्र थोरल्या भावोजींच्या घरातल्या फळीवर बायबलच्या शेजारी ओळीने मांडल्या आणि येईल त्याला दाखवू लागली.

"नव्वद टक्के कोको. साखर नावापुरती. तिकडची जाणती माणसं हेच खातात. तुम्ही लोक काय, साखरेच्या पाण्यात कोको बुडवून पिता!"

तुम्ही लोक म्हणे! याच अंगणात शेंबूड पुसत वाढलेली बया ही.

आमच्याकडे घरची लेक म्हणजे घराचा मान. भाऊसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नाही, तिथे परगावाहून आलेल्या भावजयीला कोण विचारतो? चौतीस वर्षं मी या घरात राबले, पण अजून "ती सावाई बेटावरची" अशीच माझी ओळख. पोरंबाळं झाली नाहीत. नवरा, सोलोमोना, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचं थडगं घरासमोर, पायरीपासून दहा पावलांवर आहे. दर शनिवारी त्याच्या पांढऱ्या फरश्या मी घासायचे. त्याच्या उजव्या हाताला एक जागा रिकामी आहे आणि ती माझी, असं मी मनाशी धरून बसले होते. पण बिनपोरांच्या विधवेला तिच्या माहेरी पाठवायचा हक्क घराला आहे. एक चटई, एक पेटी, की बसव बोटीत. कोकोचं काम माझ्या हातात होतं, म्हणून अजून कोणी "जा" म्हणालं नव्हतं.

कोको माझाच होता म्हणा ना. शेंगा फोडायच्या, बिया पेटीत घालून वर केळीची पानं दाबायची, सहा दिवस आंबू द्यायच्या, मग उन्हात चटईवर. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा बिया स्वयंपाकाच्या खोपटातल्या माळ्यावर पसरायच्या. खाली नारळाच्या सोडणांचा विस्तव असतोच. माझी सासू तसंच करायची, तिची सासूही तसंच. पाद्रीबाई म्हणायच्या, "तिमेनाचा कोको डोळे मिटून ओळखावा." मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रूताने आल्या आल्या प्लॅस्टिकच्या छपराची वाळवणाची खोली उभारली आणि ऑकलंडच्या एका चॉकलेटवाल्याशी बोलणं लावलं. त्याच्याकडे दोन पोती गेली. एक माझं, एक तिचं. दोन्हींवर नाव भावोजींचंच. आपेलू भावोजी म्हणजे सोलोमोनाचे थोरले भाऊ, आमच्या घराचे मताई, कर्ते. आमच्यात पोत्यावर तुझं-माझं लिहीत नाहीत, लिहिलं तर लोक हसतात. जे असेल ते घराचं.

दोन महिन्यांनी पुडकं आलं. प्रत्येक पोत्याची एक अशा दोन वड्या होत्या, एकीला पांढरा दोरा आणि एकीला लाल. सोबत चिठ्ठी. भावोजींनी ती सगळ्यांसमोर वाचली. एका पोत्यातला माल उत्तम आहे, दरवर्षी घेईन. दुसऱ्याला धूर लागलाय, तो माझ्या उपयोगाचा नाही. कोणत्या दोऱ्याची वडी धुराची, ते खाली लिहिलं होतं. तेवढं भावोजींनी वाचून दाखवलं नाही. कागदाची घडी करून खिशात घातली.

घडी पुरी व्हायच्या आत रूता बोलली, "धूर म्हणजे वहिनीचा. अजून काय बघायचंय?"

"प्लॅस्टिकखाली घामेजलेल्या बियांना वास नाही येत वाटतं, वन्सं?"

"ऐकलंस दादा, कशी उलटून बोलते! आईचं घर हिने खोपट करून ठेवलंय. धूर हिचा निघाला, तर ही सावाईला जाईल आणि ते घर माझं. मी किती दिवस तुझ्या पडवीत झोपू?"

लेकीने मागितलं आणि मताईने नाही म्हटलं, असं आमच्या घरात कधी झालं नाही. भावोजींनी बराच वेळ मांडी खाजवली. "ईस्टरला सगळे जमतील," ते म्हणाले. "दोघींनी चाखायचं आणि आपापली वडी दाखवायची. स्वतःचा कोको ओळखता येत नाही, ती कोकोवाली कसली? जिची धुराची, तिने कोकोला हात लावायचा नाही. आणि तिमेना, तुझी निघाली तर…" पुढचं त्यांनी गिळलं. मला कळलं.

रूता हसत होती. "ही चाखणार? हिला साखरेशिवाय घोट उतरत नाही!" फळीवरची एक वडी तिने माझ्या मांडीत टाकली. "घे, शीक. डुकरालासुद्धा सवय होते." सगळे खो खो हसले. भावोजीसुद्धा.

घरी येऊन मी तुकडा तोंडात टाकला आणि दारातून बाहेर थुंकले. कडू जहर! जीभ आक्रसली, घशाला कोरड पडली. दुसरा तुकडा डुकरिणीपुढे टाकला. तिने हुंगलं आणि पाठ फिरवली. म्हटलं, वन्संना सांगायला हवं, तुमच्यापेक्षा हिला अक्कल जास्त.

पण ईस्टरला चार आठवडे होते आणि समोर सोलोमोना झोपला होता. मी साखरेचा डबा शेजारणीकडे नेऊन दिला. माझा कोकोही सोडला, एक घोट नाही. जीभ कोरी हवी. रोज सकाळी चर्चची घंटा व्हायच्या आत नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचे, चावायचं नाही असं ठरवून, आणि रूताला शिव्या घालत बसायचे. शिव्या संपेपर्यंत तुकडा विरघळायचा. पहिल्या आठवड्यात नुसता कडूपणा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या कडूच्या मागून काहीतरी आंबट आलं, ओल्या बियांवरचा पांढरा गर चोखल्यासारखं. मी दचकलेच. पुन्हा तुकडा घेतला. होतं. मग रोज ते कुठे लपतं ते शोधायचा नादच लागला. कधी आधी यायचं, कधी गिळल्यावर, आणि शेवटी तोंड असं स्वच्छ व्हायचं की पाणी प्यावंसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात वडी संपली आणि माझा हात आपोआप रिकाम्या कागदाकडे गेला. मला स्वतःचाच राग आला. त्या बयेची वस्तू, आणि मला आवडावी? लाज वाटली हो. पण गेले तिच्याकडे, मान खाली घालून.

"वन्सं, अजून एक द्या."

"खाल्लीस? का पुरलीस?" तिने फळीवरून दुसरी काढून दिली. मी बघितलं, राहिलेल्या अठरांपैकी एकीचाही कागद फाटलेला नव्हता. हिने आल्यापासून एक तुकडा खाल्ला नव्हता. मी जिंकले, असं मला तिथेच वाटलं. माझा कोको मी ओळखणारच होते आणि धूर तिचाच निघणार होता. चौतीस वर्षांत माझ्या कोकोला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

ईस्टरच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे भावोजींच्या मोठ्या घरात जमले. भट्टीतलं डुक्कर, नारळाच्या दुधातली अळूची पानं, सगळं झाकून ठेवलेलं, कारण आधी निकाल. दोरे काढून दोन वड्या दोन पानांवर फोडून ठेवल्या होत्या. डावं पान, उजवं पान. कोणतं काय, ते भावोजींनाच ठाऊक.

मान लेकीचा, म्हणून रूता आधी. तिने डाव्या पानावरचा तुकडा घेतला, तोंड न वाकवता गिळायची धडपड केली. मग उजव्या पानावरचा. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसली. उजव्या पानावर हात ठेवला.

"हा माझा. काय भरदार आहे! आईच्या हातचा कोको असाच लागायचा. सोलोमोनाला हाच आवडायचा, हो ना दादा? आईचा हात माझ्यातच उतरलाय."

मग मी. डावा तुकडा जिभेवर ठेवला. आंबट आलं, मग फुलासारखं काहीतरी, मग स्वच्छ. छान होता. फारच छान. माझा नव्हता.

उजवा ठेवला. कडूच्याही आधी धूर आला. नारळाच्या सोडणांचा धूर, माझ्या माळ्यावरचा, माझ्या केसांतला, माझ्या उशीतला. चार आठवडे मी त्याच्यापासून लांब होते, म्हणून आज तो परक्यासारखा समोर उभा राहिला. त्याच्या खाली कोको कुठेतरी दबून गेला होता, हाक मारूनही येत नव्हता. चौतीस वर्षं साखर घालून मी हेच लोकांना पाजलं. आणि लोक मला डोळे मिटून ओळखत होते, ते या धुरावरून.

भावोजी माझ्याकडे बघत होते. मी डाव्या पानावर बोट ठेवलं असतं की संपलं. रूताने स्वतःच्या तोंडाने धूर आपला म्हटला होता. दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं. घर माझं, थडग्याशेजारची जागा माझी, आणि बया वर्षभर तोंड दाखवणार नाही. बोट मी उचललंसुद्धा.

तेवढ्यात ती शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ, घाबरलीय. माझ्या कोकोपुढे हिचा काय टिकणार!"

तिचा हात अजून त्या पानावर होता. माझ्या बियांवर. त्या पावसात मी एकटीने पाठीवरून वाहिलेल्या, रात्री उठून परतलेल्या. वाईट तर वाईट! पण हिचा?

"हात काढ," मी म्हणाले.

"काय?"

"हात काढ तिथून! तो माझा आहे. धुराचा आहे आणि माझा आहे. तुझा तो डावा. तुझा चांगला झालाय, आणि तुला तो कळलासुद्धा नाही, मूर्ख बाई!"

घरच्या लेकीला "तू" म्हणाले, वर मूर्ख म्हणाले, भर ईस्टरला. भावोजींनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, आणि पुन्हा घडी घातली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

पाद्रीबाई नंतर म्हणाल्या, तिमेना, तू सत्याला जागलीस. कसलं सत्य! मला फक्त ते तिच्या हातात बघवलं नाही. त्या रागापायी मी नवऱ्याशेजारची जागा घालवली आणि मंगळवारी चटई नि पेटी घेऊन बोटीत बसले. थडग्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते.

भावाच्या घरी आठ महिने काढले. भावजय बरी होती, पण ताट वाढताना डावाचा आवाज करायची. कोको मी पीत नव्हते. घरातला सगळा कोको मला धुराचा लागायचा.

नवव्या महिन्यात एका दुपारी दारात रूता. आमच्यात मोठ्या गुन्ह्याची क्षमा मागणारे डोक्यावर उंची चटई पांघरून बसतात, तसं काही नव्हतं. छत्री होती. उंबऱ्याशी टेकली आणि पिशवीतून एक वडी काढली.

"चॉकलेटवाला म्हणतो, यंदाचा माल बिघडलाय. धूर नाही, पण जीभ धरतो म्हणतो. काय चुकलं ते चाखणारं माणूस शोधा, नाहीतर बंद. आमच्यात कोणाला… दादा म्हणाला, तिमेनाला विचार."

मी तुकडा ठेवला. क्षणभरही लागला नाही.

"पेटी पाचव्या दिवशी उघडलीस. सहा दिवस दम निघाला नाही तुला."

तिने मान खाली घातली. खरंच होतं म्हणजे. "घरी चल, वहिनी," ती पुटपुटली. "वाळवण माझ्या खोलीत होऊ दे, पण पेटी आणि चव तू बघ."

"आणि सोलोमोनाशेजारची जागा?"

ती छत्रीची मूठ चाचपू लागली.

"माझी जीभ हवी असेल, तर ती मेल्यावर कुठे ठेवायची तेही आत्ताच ठरव. मताईसमोर बोलशील? सगळ्यांसमोर? लेक म्हणून, तुझ्या तोंडाने?"

"बोलेन," ती म्हणाली. फार सहज म्हणाली. तशी ती काहीही म्हणते.

मी उरलेली अर्धी वडी तिच्यापुढे धरली. "मग आधी हे खा. पाणी मिळणार नाही."

"वहिनी, अगं एवढं…"

"खा."

तिने खाल्लं. जबडा हलेना, डोळ्यांतून घळाघळा पाणी, एकदा हात तोंडाकडे गेला थुंकायला. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. शेवटचा घास उतरेपर्यंत पापणी हलवली नाही.

"कसं लागलं?"

"घाण," ती रडत म्हणाली. "शी! घाण आहे. मला कधीच नाही आवडलं. कधीच नाही!"

तेव्हा माझा तिच्यावर विश्वास बसला. मी आत जाऊन चटई नि पेटी काढली.