टोक नसलेली सुरी

मी सुरी बोलतेय. थांबा, लगेच कांदा डोळ्यांसमोर आणू नका. मी स्वयंपाकघरातली नाही. मी कमरेच्या पट्ट्याला लटकून रोज सकाळी कामावर जाते, आणि मला मिटता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्यामुळेच माझं नशीब फळफळलं.

एका भल्यामोठ्या सुऱ्याचं पोलाद उरलं, त्यातून माझा जन्म झाला. मला घडवणारा कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि पोलादाचा तुकडा कधी वाया जाऊ द्यायचा नाही. मूठ त्याने भरपूर दिली, चारही बोटं मावतील अशी. पातं मात्र चार बोटंच भरलं, आणि टोकाला तर काही उरलंच नाही. मग त्याने माझी पाठ खाली वळवली आणि टोक गोल करून टाकलं. नुकतंच मला तापवून कडक व्हायला पाणी दिलं होतं, तेव्हा त्याची बायको डोकावली आणि म्हणाली, "ही बुटकी कोण घेणार?" जन्मल्या जन्मल्या हे ऐकायला लागलं हो!

तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. दुकानातल्या काचेच्या कपाटात मी आठ महिने काढले. शेजारी वीतभर लांबीचे सुरे, कुणाला करवतीचे दात, कुणाच्या मुठीत होकायंत्र. गिऱ्हाईक यायचं, सगळ्यात मोठा सुरा हातात घ्यायचं, हवेत दोन वार करायचं, समोरच्या आरशात स्वतःला बघायचं आणि छाती फुगवून परत ठेवून द्यायचं. मला उचललं तर एवढंच विचारायचं, "ही पेन्सिलीला टोक करायची का?" मी नुसती आतल्या आत धुमसायचे.

आणि मग एक दिवस ती आली! अंगात मळकट कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि मागे तिचा दीर. ती घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होती. सतरा घोड्यांना खरारा करायचा, खुरं साफ करायची, दाणापाणी बघायचं, सगळं तिच्याकडे. दीर गवताच्या गाठी पोचवणारा ट्रक चालवायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं.

"वहिनी, हा घ्या," त्याने मोठा सुरा पुढे केला. "यात होकायंत्र पण आहे."

"भाऊजी, तबेल्यातून घरी यायला मला होकायंत्र लागत नाही."

दुकानदाराने मिटणारे चाकू काढले. ते बघताच तिचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एका घोड्याचा पाय गवताच्या टांगलेल्या जाळीत अडकला होता. तिच्या खिशात असाच चाकू होता. हातमोजे ओले, एक हात घोड्याच्या मानेवर, नखाने पातं काही उघडेना. शेवटी दातांनी उघडलं, पण तोवर घोड्याचा पाय जायबंदी झाला. "तो अजून लंगडतो," ती म्हणाली. "मी रोज त्याच्यासमोर उभी राहते आणि मला मान वर करवत नाही. पुन्हा असं झालं तर मी हे काम सोडेन."

मग तिची नजर माझ्यावर पडली. माझं काळीज धडधडायला लागलं, म्हणजे मला असतं तर नक्की लागलं असतं. तिने पिशवीतून आपले ओले हातमोजे काढून चढवले. मला म्यानात घालून उलटी धरली आणि गदागदा हलवली. मी जाम हलले नाही. पट्ट्याला पोटाशी आडवी अडकवली आणि घोड्याचं खूर उचलतात तशी भर दुकानात वाकली. पुन्हा वाकली. मी तिला कुठेच टोचले नाही.

"वहिनी, लोक बघतायत," दीर कुजबुजला.

"बघू देत. दिवसातून शंभरदा वाकते मी."

तिने डाव्या हाताने मला सटकन बाहेर काढलं आणि सोबत आणलेली दोरी एका ओढीत कापली. दुकानदार ओशाळून म्हणाला, "हिला टोक नाही बरं का, ताई."

"म्हणूनच घेतेय. घोड्याच्या गळ्याशी चालवायचीय. तो उसळला तर भोसकली जायला नको."

ज्याची मला आठ महिने लाज वाटली, त्याच गोष्टीसाठी ती मला घेऊन चालली होती! आनंदाने मी म्यानात मावेना.

तबेल्यात मजाच मजा होती. गाठी सोडा, पोती उघडा, चामड्याची वादी कापा. तिथली एक रीत मला फार आवडली. घोडा थेट लोखंडी कडीला बांधत नाहीत. कडीला सुतळीचा एक फास असतो आणि घोड्याची दोरी त्या फासाला. घोडा बिथरला, मागे रेटला, की सुतळी तुटते आणि घोडा सुटतो. मान वाचते. तांबडी नावाची घोडी तर दिवसाआड सुतळी तोडायची. वहिनी न कुरकुरता नवी बांधायची.

एका सकाळी दीर गवत घेऊन आला. वहिनी आत दाणा भिजवत होती. त्याला त्या जीर्ण, झिजलेल्या सुतळ्या दिसल्या. बिचाऱ्याला दया आली. गाठी बांधायची निळी प्लास्टिकची दोरी ट्रकमध्ये होतीच. त्याने सुतळ्या काढून सतराच्या सतरा कड्यांना तिचे पक्के फास बांधून टाकले आणि कुणाला न सांगता शीळ घालत पाणी प्यायला गेला.

वहिनीने तांबडीला आणलं आणि रोजच्या सवयीने फासाला बांधलं. फासाकडे तिने बघितलंही नाही. तेवढ्यात बाहेर पत्रा कोसळला.

तांबडी दचकून मागे रेटली. फास तुटेना. ती अजूनच घाबरली, पाय घसरले आणि ती मानेवर लोंबकळायला लागली. तोंडाला चढवलेली म्होरकी गळ्यात रुतली, डोळे पांढरे झाले. वहिनीने गाठीला हात घातला, पण ती दगडासारखी आवळली होती. तिचा उजवा हात तांबडीच्या गालाखाली गेला आणि डावा माझ्यावर आला.

मी बाहेर! अहो, डोळ्याचं पातं लवायच्या आत! एक ओढ, निळी दोरी अर्धी. दुसरी ओढ, आणि तांबडी धपकन खाली. क्षणभर काहीच हललं नाही. मग ती फुरफुरली, चारी पायांवर उभी राहिली आणि अंग झाडलं. वहिनी तिच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडली.

मी त्या गडबडीत गवतात पडले होते. मला वाटलं, आता मला कोण विचारतंय. पण डोळे पुसून वहिनी लगेच गुडघ्यांवर बसली आणि काडी न् काडी चाळायला लागली. माझ्यावरच्या मायेने नाही, मला माहीत आहे. गवतात पातं राहिलं तर घोड्याच्या पोटात जाईल म्हणून. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

दीर दारात पांढराफटक पडून उभा होता. वहिनीने मला पुसलं आणि मूठ त्याच्यापुढे केली.

"उरलेल्या सोळा तुम्ही कापा, भाऊजी."

तो एकेका कडीपाशी जाऊन कापत राहिला. शेवटची दोरी कापून तो मागे वळला. "वहिनी, मी चांगलं करायला गेलो होतो."

"माहीत आहे. म्हणून तर सुरी तुमच्या हातात दिली."

आता माझी मूठ काळवंडलीय, पात्यावर ओरखडे आहेत, धार मात्र ती दर आठवड्याला लावते. तुम्ही कधी सुरी निवडायला गेलात, तर आरशात बघू नका. तुमचे हातमोजे न्या, तुमची दोरी न्या, आणि लोक बघत असले तरी खुशाल वाका.

काल तांबडी पुन्हा बिथरली. मी म्यानात तयारच होते. पण कडीला पुन्हा बांधलेली सुतळी तट्कन तुटली, तांबडी दोन पावलं मागे जाऊन गवत खायला लागली, आणि वहिनी लंगड्या घोड्याला खरारा करता करता त्याच्याकडे बघून हसली. मला कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि मी दिवसभर खूश होते.